आठच टाक ना!

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास एक मेल येतो. विषयाच्या ओळीत 'रिमाइंडर', त्यापुढे दोन-तीन उद्गारचिन्हं, आणि सीसीमध्ये आपल्या मॅनेजरचा मॅनेजर. टाइमशीट भरा. सहापर्यंत भरली नाही तर नाव 'डिफॉल्टर लिस्ट'मध्ये जाईल. (बँकेचं कर्ज बुडवणाराही डिफॉल्टर आणि आठवड्याचे तास लिहायला विसरलेलाही डिफॉल्टर!) मग आपण ते पान उघडतो, 'कॉपी लास्ट वीक' हे बटण दाबतो, सोमवार ते शुक्रवार पाच चौकटींत ८, ८, ८, ८, ८ असे आकडे येऊन बसतात, खाली बेरीज ४०, सबमिट. वीस सेकंदांचं काम. आणि मग कॅन्टीन.

आयटीत मला सहा वर्षं झाली. म्हणजे असे तीनशेच्या आसपास शुक्रवार. त्यातल्या किती आठवड्यांत मी खरोखर चाळीस तास काम केलं? खरं सांगायचं तर मोजक्याच. काही आठवडे पस्तीसही भरले नसतील. क्लायंटकडून उत्तर येईना म्हणून नुसते बसून काढलेले दिवस मलाही आठवतात. काही आठवडे साठ-पासष्टच्या पुढे गेले. पण कागदावर मी तीनशे आठवडे न चुकता चाळीस तास काम करणारा माणूस आहे. असा माणूस जगात नाही. तरीही माझ्यासारख्या लाखो माणसांनी असंच लिहिलेल्या आकड्यांवर या धंद्याची बजेटं, नफ्याचे रिपोर्ट आणि पुढच्या वर्षाची टार्गेटं बांधली जातात. माझं भांडण याच्याशी आहे. टाइमशीट असावी की नसावी हा मुद्दाच नाही. असावी. पण खरी असावी.

हे भांडण सुरू कुठे झालं ते सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी एका विमा कंपनीच्या प्रोजेक्टवर होतो. जुन्या सिस्टीममधला डेटा नव्या सिस्टीममध्ये न्यायचा. ऐकायला सोपं, पण जुन्या डेटात जन्मतारखेच्या जागी फोन नंबर आणि फोन नंबरच्या जागी 'एन ए' असं सगळं भरलेलं. गो-लाइव्ह शनिवारी रात्री होतं. शुक्रवारी तेरा तास झाले, शनिवारी चौदा, आणि रविवारी पहाटे एक रोलबॅक. सोमवारी मी टाइमशीट उघडली आणि जे झालं ते लिहिलं. शुक्रवारच्या चौकटीत १३ टाकल्याबरोबर ती लाल झाली. शनिवारची चौकट तर उघडेचना. म्हणून वेगळी रिक्वेस्ट टाकली, कारण लिहिलं, अप्रूव्हलला पाठवलं. दहा मिनिटांत मॅनेजरचा फोन.

"अरे, ते तेरा-चौदा काय टाकलंयस?"

"सर, तेवढे झाले ना. तुम्हीपण कॉलवर होतात."

"झाले रे, मी कुठे नाही म्हणतोय? पण त्या कोडचं बजेट संपलंय. तू तेरा टाकलेस की व्हेरियन्स जातो वर, मग मला डेकमध्ये उत्तर द्यावं लागतं. आठच टाक ना. पुढच्या आठवड्यात एक दिवस आराम कर, मी बघतो."

माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगायला हवं. तो स्वतः माझ्यापेक्षा जास्त जागला होता आणि त्यानेही स्वतःच्या नावावर आठच टाकले होते. मी आठ टाकले. आरामाचा दिवस अर्थातच आला नाही.

त्या आठवड्यात मी गावी गेलो. माझे वडील सातारा जिल्ह्यातल्या एका डेपोत एसटीचे कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. गाडी किती वाजता सुटली, किती वाजता लागली, घाटात ट्रकने रस्ता अडवला म्हणून किती उशीर झाला, याची नोंद कंट्रोलरकडे व्हायचीच, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. ड्युटी लांबली की ओटी. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ चा वेगळा कायदा होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस आणि त्याच्या वर गेलं तर दुप्पट दर, हे आमच्या घरात पाढ्यांसारखं पाठ होतं. तर रात्री जेवताना अण्णांनी विचारलं, "तुमच्यात ओटी कसा लावतात?"

"आमच्यात ओटी नसतो अण्णा. पगार महिन्याचा."

"मग दर आठवड्याला तास लिहून कशाला घेतात?"

मी काहीतरी पुटपुटलो. क्लायंट, बिलिंग, प्रोसेस वगैरे. त्यांनी मान हलवली आणि भाकरी मोडली. पण प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. महिन्याचा पगार ठरलेला आहे, तास कमी-जास्त झाल्याने त्यात एक रुपया इकडचा तिकडे होत नाही, तर मग तास लिहून कशाला घेतात?

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या धंद्यात माल तासावर विकतात आणि महिन्यावर विकत घेतात. क्लायंटला दिलेल्या रेट कार्डवर तुमचा दर तासाला असतो, इतके डॉलर. तुमच्या ऑफर लेटरवर तो वर्षाला असतो, इतके लाख. या दोन मापांमधल्या फटीत कंपनीचा नफा राहतो. त्यात बेकायदा काही नाही, जगभर चालतं. पण मग 'आम्ही तुमच्या आउटपुटचे पैसे देतो, तासांचे नाही' हे जे टाउनहॉलमध्ये सांगितलं जातं ते ऐकून घेताना एवढं लक्षात ठेवावं की तीच कंपनी समोरच्या खोलीत क्लायंटला तास विकत असते.

टाइमशीटमधले तास गोळा होऊन जो रिपोर्ट बनतो तो आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेला असतो. मी तो चुकून पाहिला. एका कॉलमध्ये मॅनेजरने चुकीची विंडो शेअर केली आणि अर्धं मिनिट तो पडद्यावर राहिला. रचना अगदी साधी असते. डावीकडे बजेट केलेले तास, शेजारी प्रत्यक्ष लागलेले तास, मग दोन्हींतला फरक टक्क्यांत. त्यानंतर महसूल, खर्च, मार्जिन. आणि शेवटी एक गोल ठिपका: हिरवा, पिवळा किंवा लाल. बायोडेटात 'टीम प्लेअर' लिहिणाऱ्या दहा माणसांचं सहा महिन्यांचं आयुष्य त्या एका ठिपक्यात मावतं. आमच्या विमावाल्या प्रोजेक्टचा ठिपका हिरवा होता. फरक एक टक्क्याच्याही आत. मला हसायला आलं, मग राग आला, आणि मग मी ज्याची डिग्री घेतली आहे ते केलं. गणित.

आकडे मी सोयीसाठी गोल घेतोय, प्रमाण बघा. समजा एक फिक्स्ड प्राइस प्रोजेक्ट आहे. दहा माणसं, सहा महिने, माणशी महिन्याला १६० तास. म्हणजे विकले ९,६०० तास. क्लायंटला दर तासाला १,५०० रुपये लावले, तर महसूल १ कोटी ४४ लाख. पगार, जागा, लॅपटॉप, कॅब धरून कंपनीला एक तास ९०० रुपयांना पडतो असं धरलं तर खर्च ८६ लाख ४० हजार. उरले ५७ लाख ६० हजार. मार्जिन ४० टक्के. ठिपका हिरवा.

आता प्रत्यक्षात काय झालं? एस्टिमेट देताना सेल्सने कॉन्ट्रॅक्ट मिळवण्यासाठी थोडं कापलं होतं, क्लायंटने मध्येच दोन मॉड्यूल्स 'किरकोळ बदल' म्हणून आत ढकलली, आणि माणसांनी महिन्याला १६० ऐवजी २१० तास काम केलं. एकूण १२,६००. त्यातले लिहिले किती? ९,६००. वरचे ३,००० तास कुठेच नाहीत. कंपनीच्या स्वतःच्याच ९०० रुपयांच्या दराने त्यांची किंमत होते २७ लाख. म्हणजे ५७ लाख ६० हजारांच्या नफ्यातला जवळजवळ निम्मा नफा कार्यक्षमतेतून आला नाही, प्रोसेसमधून आला नाही, कुठल्याही 'एआय-पॉवर्ड' वगैरे गोष्टीतून आला नाही. तो लोकांच्या शनिवारांतून आला.

इथे एखादा एमबीए झालेला मित्र हात वर करील आणि म्हणेल, पण पगार तर ठरलेला आहे, त्या ३,००० तासांसाठी कंपनीने रोख काहीच दिलं नाही, मग ४० टक्के मार्जिन खोटं कसं? बरोबर. रोख हिशेबात ते खरंच आहे. बँकेत पैसे आलेत. माझा आक्षेप जास्त टोकदार आहे. रिपोर्टने नफ्याचा आकडा बरोबर सांगितला आणि नफ्याचं कारण लपवलं. आणि ज्या रिपोर्टमधून कारण कळत नाही तो पुढच्या निर्णयाला उपयोगाचा नाही. उलट घातक आहे.

कसा घातक, ते पुढच्या वर्षी दिसतं. तोच क्लायंट रिन्यूअलला येतो. तो म्हणतो, गेल्या वेळी ९,६०० तासांत झालं, आता तुमच्या टीमला अनुभव आहे, दहा टक्के कमी करा. आमचा अकाउंट मॅनेजर जुना रिपोर्ट उघडतो. हिरवा ठिपका. एक टक्क्याच्या आत. नाही म्हणायला त्याच्याकडे कागदोपत्री आधारच नाही. मग ८,६४० ला सही होते. ज्या कामाला १२,६०० तास लागले होते ते आता ८,६४० मध्ये करायचं आहे आणि करणारी माणसं तीच आहेत. नाही, तीही नाहीत. दहातली चार सोडून गेली आहेत.

ती चार माणसं जाण्याचा खर्च कुठे दिसतो? प्रोजेक्टच्या रिपोर्टमध्ये नाही. नवी माणसं शोधण्याचा खर्च एचआरच्या बजेटमध्ये, त्यांना शिकवण्याचा ट्रेनिंगच्या कोडवर, आणि नवीन मुलाला तो सडका डेटा समजेपर्यंत जुन्यांनी दिलेले तास तर कुठेच नाहीत. २०२२ च्या जून तिमाहीत इन्फोसिसने जाहीर केलेलं गळतीचं प्रमाण, मागच्या बारा महिन्यांचं, २८.४ टक्के होतं. चारातला एक माणूस तर गेलाच, वर आणखी काही. तेव्हा वर्तमानपत्रांनी 'तरुण पिढी निष्ठावान नाही' छापाचे लेख छापले. हेच ते दिवस जेव्हा जग घरातून काम करत होतं आणि दिवस संपतो केव्हा हेच कुणाला कळत नव्हतं. बाहेर पगार जास्त मिळत होता हे खरंच आहे, मी नाकारत नाही. पण माणूस पगारासाठी जातो तेव्हा तो काही प्रमाणात दुसऱ्या कशापासून तरी पळतही असतो, आणि ते 'काहीतरी' एक्झिट इंटरव्ह्यूच्या फॉर्ममध्ये 'बेटर ऑपॉर्च्युनिटी' म्हणून नोंदलं जातं. तोही फॉर्म आपणच भरतो.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये ब्रिटनच्या पतधोरणाबद्दल लिहिताना एक निरीक्षण नोंदवलं होतं. एखाद्या आकड्याचा वापर नियंत्रणासाठी करायला लागलं की त्या आकड्याचं जुनं, भरवशाचं वागणं मोडतं. ते पैशाच्या पुरवठ्याबद्दल बोलत होते, पण युटिलायझेशनच्या रिपोर्टला ते शब्दशः लागू पडतं. योगायोग असा की फ्रेड ब्रुक्स यांचं मॅन-मंथच्या भ्रमावरचं पुस्तकही त्याच १९७५ चं. आयबीएममध्ये प्रचंड मोठी ऑपरेटिंग सिस्टीम बांधताना त्यांना जे दिसलं ते त्यांनी लिहून ठेवलं: माणसं आणि महिने ही एकमेकांच्या बदल्यात देता येणारी नाणी नाहीत, आणि उशीर झालेल्या प्रोजेक्टवर नवी माणसं ओतली की आणखी उशीर होतो. इंजिनिअरिंगला शेवटच्या वर्षी हे आम्हाला पाच मार्कांसाठी होतं. नोकरीत आल्यावर पाहिलं तर 'रिसोर्स लोडिंग शीट' नावाच्या एक्सेलमध्ये माणसं आणि महिने हीच दोन नाणी मांडलेली होती. पन्नास वर्षं झाली त्या पुस्तकाला!

आता दुसरी बाजू, बेंचची. जो तास क्लायंटला विकला जातो तो बिलेबल, बाकी सगळे नॉन-बिलेबल. बिलेबल भागिले उपलब्ध, गुणिले शंभर म्हणजे तुमचं युटिलायझेशन. टीसीएसने जून २०२५ मध्ये धोरण आणलं की कर्मचाऱ्याने वर्षाला किमान २२५ दिवस बिलेबल असावं आणि बेंचवर पस्तीस दिवसांपेक्षा जास्त राहू नये. ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ वजा केले तर २६१ राहतात. त्यातून २२५ गेले, उरले ३६. या छत्तीस दिवसांत दिवाळी, गणपती, डेंग्यू, बहिणीचं लग्न, नवं तंत्रज्ञान शिकणं आणि दोन प्रोजेक्टांच्या मधला काळ, जो मुळात तुमच्या हातात नसतो. नवीन प्रोजेक्ट मिळवणं हे सेल्सचं काम की डेव्हलपरचं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मात्र तास रिकामा गेला की तो डेव्हलपरच्या नावावर पडतो.

आणि जे तास रिकामे म्हणून मोजले जातात ते बघा कोणते असतात. पहिल्या वर्षी मला एका सीनियर ताईंनी रोज संध्याकाळी तासभर बसवून लॉग कसे वाचायचे ते शिकवलं. आज मी जे काही कमावतो त्यातला मोठा भाग त्या तासांचा आहे. त्या तासांना कोड नव्हता. कुणाच्या तरी पाचशे ओळींच्या कोडमधली चूक शांतपणे वाचून काढणं, 'हे फीचर बांधूच नका, क्लायंटला गरज नाही' हे पटवून देणं, जुना गुंता सोडवून ठेवणं म्हणजे पुढच्या वर्षी कुणी रात्रभर जागणार नाही, यातल्या एकाही गोष्टीला कोड नसतो. ताईंनी ते तास 'इंटर्नल मीटिंग' खाली टाकले आणि त्या तिमाहीत त्यांचं युटिलायझेशन खाली आलं. मला हे त्यांनी सांगितलं नाही, वर्षभराने दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

इथवर वाचून काही जण म्हणतील की मग टाइमशीटच बंद करा. माझे बहुतेक मित्र याच मताचे आहेत. मला हे मत आळशी वाटतं. यासाठी आपल्याला जरा मागे, मुंबईच्या गिरण्यांपर्यंत जावं लागेल. फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. त्या मागण्या वाचल्या तर त्या सगळ्या वेळेबद्दल आहेत हे जाणवतं. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, गिरणी सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावी, आणि पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. रविवारच्या सुट्टीसाठी १८९० साल उजाडलं. आज आपण जी रविवारची सुट्टी गृहीत धरतो (आणि गो-लाइव्हच्या नावाखाली परत करतो) ती अशी आली. तास मोजणं हे मालकाचंच हत्यार असतं असं नाही. लोखंड्यांना ते कामगाराचं हत्यार वाटलं, कारण न मोजलेला दिवस नेहमी लांबतच जातो.

आणि आपण? महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७ च्या, जादा कामाला दुप्पट दराची तरतूद आहे. व्यवस्थापकीय पदं त्यातून बाहेर ठेवलेली आहेत, आणि आपल्याकडे तिसऱ्या वर्षी प्रत्येक जण 'लीड' होतो हा भाग वेगळा. पण समजा उद्या कुणी कामगार आयुक्तांकडे गेला आणि म्हणाला, माझ्याकडून साठ तास काम करून घेतात. पुरावा काय? कंपनी त्याची टाइमशीट पुढे ठेवील. त्यात ८, ८, ८, ८, ८. त्याच्याच लॉगिनमधून, त्यानेच सबमिट केलेली, तीनशे आठवडे. आपणच आपल्याविरुद्ध दर शुक्रवारी जबानी लिहून देतो आणि वर वैतागतो की हे रिमाइंडरचे मेल किती येतात.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करावं असं म्हणाले तेव्हा आमच्या ग्रुपवर चार दिवस मीम्सचा पूर होता. मीही दोन टाकले. पण त्याच आठवड्यात ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी पन्नासच्या वर काम केलं असणार आणि चाळीस लिहिले असणार. मीम करण्यापेक्षा ५३ लिहिणं जास्त उपद्रवी ठरलं असतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट करतो, नाहीतर उद्या कुणी म्हणेल हाच मागत होता. तासांचा खरा हिशेब वेगळा आणि पाळत वेगळी. दर दहा मिनिटांनी स्क्रीनचा फोटो काढणारी, माऊस हलतोय का ते बघणारी सॉफ्टवेअर्स ही पाळत आहे. तिला उत्तर म्हणून लोक माऊस हलवणारं यंत्र विकत घेतात. कोड लिहिणारा माणूस खिडकीबाहेर बघत असतो तेव्हा तो बहुतेक वेळा कामच करत असतो, हे त्या सॉफ्टवेअरला कधीच कळणार नाही. हिशेबात माणूस स्वतः सांगतो की या कामाला मला इतका वेळ लागला, आणि तो सांगू शकतो कारण खरं सांगितल्याची शिक्षा होत नाही. ही शेवटची अट नसेल तर बाकी सगळं फोल आहे.

असं कुठे होतं का? एक उदाहरण माझ्या ओळखीत आहे. कोथरूडमध्ये माझा एक कॉलेजचा मित्र बारा जणांची छोटी कंपनी चालवतो. वेबसाइट्स, ॲप्स, त्यांची देखभाल. त्याच्याकडे दर सोमवारी सगळ्या प्रोजेक्टांचा रिपोर्ट मोठ्या स्क्रीनवर लावतात आणि बाराही जण बघतात. बजेट किती, तास किती गेले, पैसे किती उरले. पगार दाखवत नाहीत, तासाचा सरासरी खर्च दाखवतात. सुरुवातीला लोकांनी तिथेही आठ-आठच टाकले. मग याने जाहीर केलं की जास्त तासांबद्दल प्रश्न विचारला जाईल तो एस्टिमेट देणाऱ्याला, म्हणजे त्याला स्वतःला. दोन-तीन महिन्यांत आकडे हलायला लागले. पाच, नऊ, साडेसहा, अकरा.

आणि मग कळलं की त्यांचा सर्वांत जुना, सर्वांत लाडका क्लायंट त्यांना बुडवत होता. महिन्याला साठ हजारांचं देखभालीचं काम, साठ तास धरलेले. प्रत्यक्षात जात होते एकशे दहा. म्हणजे तासाला ५४५ रुपये सुटत होते आणि कंपनीला तास पडत होता सातशेला. बग्ज फार नव्हते. 'पाच मिनिटं बोलू का' असे फोन होते. एका डिझायनर मुलीचे महिन्याला तीसेक तास फक्त त्या फोनवर जात होते आणि तिला वाटत होतं की आपणच हळू आहोत. मित्र तो रिपोर्ट घेऊन क्लायंटकडे गेला. पुढे सगळं गोड झालं असं नाही. क्लायंट दुसरीकडे गेला, स्वस्तात. दोन महिने मित्राने स्वतःचा पगार घेतला नाही. पण त्या मुलीने नोकरी सोडायचं ठरवलं होतं ती थांबली, आणि आता देखभालीच्या प्रत्येक करारात फोनचे तास वेगळे लिहिलेले असतात.

बारा जणांचं बारा हजारांना लागू होत नाही, हे मला सांगितलं गेलंय. एका डिलिव्हरी हेडनेच सांगितलं, चहा पिता पिता. "तू म्हणतोस ते पटतं, पण स्केलला जमत नाही." मला हे पटलेलं नाही. स्केलला पाळत जमते, स्केलला डिफॉल्टर लिस्ट जमते, दर शुक्रवारी हजारो जणांना मेल जमतो, मग चौकटीत आठच्या वरचा आकडा स्वीकारायला काय अडचण आहे? तिथे तर एक 'इफ' कंडिशन काढायची आहे. मी काढून देतो, बिलही लावत नाही. अडचण अशी आहे की खरे तास आत आले तर लाल ठिपके वाढतील, आणि लाल ठिपक्याचा जाब एस्टिमेट कापणाऱ्याला कुणी विचारत नाही, निभावणाऱ्याला विचारतात. म्हणून माझा तो मॅनेजर म्हणाला, आठच टाक ना. त्यालाही कुणीतरी तसंच म्हणालं असणार.

मला एवढंच हवंय की प्रोजेक्टचा रिपोर्ट, नफ्यातोट्यासकट, ज्यांच्या तासांवर तो बनतो त्यांना बघायला मिळावा. त्यात न विकलेल्या पण लागलेल्या तासांचा एक रकाना असावा. सोडून गेलेल्या माणसाची जागा भरायला लागलेला खर्च त्याच प्रोजेक्टच्या नावावर पडावा. हे झालं तर मार्जिन ४० वरून २१ वर येईल, मान्य. पण मग रिन्यूअलला क्लायंट दहा टक्के कमी मागेल तेव्हा आपल्याकडे दाखवायला काहीतरी असेल.

कंपनीने हे केलं नाही तरी आपल्या हातात एक चौकट आहेच. मी गेल्या महिन्यापासून सुरू केलंय. पहिल्या आठवड्यात एका दिवशी ६ लिहिले, कारण तेवढेच झाले होते. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण एकूण ३८ झाल्यावर सिस्टीमने सबमिट करू दिलं नाही. मग दोन तास 'इंटर्नल' टाकावे लागले. म्हणजे हे यंत्र कमीही घेत नाही आणि जास्तही घेत नाही, त्याला चाळीसच आवडतात. परवाच्या मंगळवारी प्रॉडक्शनला पेमेंटचं मॉड्यूल पडलं होतं, साडेअकरा तास झाले. चौकट लाल झाली, मी कारण लिहिलं आणि रिक्वेस्ट पाठवली. नव्या मॅनेजरबाईंचा पिंग आला, "अरे, हे नक्की टाकायचंय का?" मी लिहिलं, "हो मॅडम, तेवढे झाले." बराच वेळ तिकडे 'टायपिंग' दिसत होतं. मग ते थांबलं.

अप्रूव्हल अजून पेंडिंग आहे.